कापडणीस बाईंचं टाचण

आमच्या गावात एक भोळा मास्तर राहतो. भोळा हा शब्द माझ्या बायकोचा. हेडसर त्या जागी दुसरा शब्द वापरतात, तो इथे लिहिता येणार नाही. मास्तर म्हणजे मीच. नाव नथू बिरारी, विषय चित्रकला.

चित्रकलेत मी कधी अडचणीत आलो नाही. पेरू काढायला घेतला आणि आंबा झाला, तर मी खाली 'आंबा' असं लिहितो. गणितात ही सोय नाही, हे मला त्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं.

झालं असं, की गणिताच्या कापडणीस बाईंना रजा हवी होती. बावीस वर्षांत बाईंनी सलग दोन दिवस रजा घेतली नव्हती. पण त्यांची एकुलती एक मुलगी हर्षदा नाशिकला असते, तिचं पहिलं बाळंतपण होतं, आणि ती फोनवर रडत म्हणाली होती, "आई, तू जवळ नसलीस तर मी दवाखान्यात जाणारच नाही." बाईंनी पंधरा दिवसांचा अर्ज दिला.

हेडसर सोनजे अर्ज हातात धरून स्टाफरूममध्ये आले. "दहावी अ चा वर्ग आहे. बोर्डाचं वर्ष आहे. बाईंचे तास कोण घेणार?"

सगळ्यांनी एकदम वह्या तपासायला घेतल्या. मी पेन्सिलीला टोक करत होतो. टोक झालं, म्हणून मी वर बघितलं. बस, तेवढंच.

बाईंनी माझ्यासाठी टाचण लिहिलं. टाचण म्हणजे कुठल्या दिवशी काय शिकवायचं आणि कसं शिकवायचं ते लिहिलेली वही. लाल शाई, निळी शाई, पट्टीनं आखलेल्या रेघा. इतकी सुंदर वही मी चित्रकलेतसुद्धा बघितली नव्हती.

"बिरारी सर," बाई म्हणाल्या, "यात लिहिलंय तेवढंच करायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

"नाही चालवणार," मी म्हणालो. आणि मी शब्द पाळला.

"रोज शाळा सुटली की मला फोन करा. काही चुकलं तर मी सांगेन. पण सर, मला मधूनच परत यायची वेळ आणू नका हो. पोर घाबरलीय माझी."

तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. मी मनाशी ठरवलं, की जीव गेला तरी चालेल पण बाईंना परत यायला लागता कामा नये. बाई सांगतील तो एकेक शब्द पाळायचा.

सोमवारी पहिला तास. मी टाचण उघडलं. लिहिलं होतं, 'वर्गसमीकरणे. आधी वर्ग पूर्ण करावा. वर्ग पूर्ण झाल्याशिवाय समीकरण सोडवू नये.'

मी हजेरी घेतली. पटावर बेचाळीस, हजर सदतीस. वर्ग पाचनं अपूर्ण होता.

"कोण कोण नाही?" मी विचारलं.

पोरांनी सांगितलं. भूषण कांदे लावायला गेला होता. जाधवांच्या जुळ्या बहिणी मावशीच्या हळदीला गेल्या होत्या. यामिनीला ताप होता. हेमंत केस कापायला बसला होता.

"गप्प बसा," मी सदतीस जणांना सांगितलं, "मी वर्ग पूर्ण करून येतो." आणि सायकल काढली.

भूषणचं शेत तीन किलोमीटर. तो गुडघ्यापर्यंत चिखलात होता, तसाच उचलला. जुळ्या बहिणींना मांडवातून आणलं, तोंडाला हळद होती, ती पुसायला वेळ नव्हता. यामिनी गोधडीत गुंडाळलेली होती, तिला गोधडीसकट आणलं. तिची आई दारातून ओरडत होती, "अहो, तिच्या अंगात ताप आहे!" मी म्हणालो, "ताप असू दे, समीकरण अडलंय." हेमंतचं डोकं अर्धं झालं होतं. त्याला खुर्चीतून उठवलं तर न्हावी कात्री घेऊन मागोमाग आला. म्हणाला, "माझं काम अर्धवट राहिलं तर लोक मला हसतील."

एका सायकलवर एका वेळी एकच बसतं. त्यामुळे खेपा झाल्या. शेवटची खेप झाली तेव्हा पाच वाजून गेले होते. वर्गात शिरलो. तिथे मी आणलेले पाच जण होते आणि न्हावी. बाकी सदतीस शाळा सुटली म्हणून घरी गेले होते.

मी पुन्हा हजेरी घेतली. आता वर्ग सदतीसनं अपूर्ण होता. मी सायकलकडे निघालो, तेवढ्यात हेडसरांनी हँडल धरलं.

संध्याकाळी बाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं.

बाई म्हणाल्या, "सर, गणितातला वर्ग म्हणजे संख्येला त्याच संख्येनं गुणणं. तीनाचा वर्ग नऊ."

"आपला बेचाळीसचा आहे, बाई."

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "एवढंच लक्षात ठेवा. जे नाही ते आणायला बाहेर पळायचं नाही. आहे त्यात भागवायचं."

मी वहीत लिहून घेतलं, 'आहे त्यात भागवायचं.' खाली रेघ मारली.

मंगळवारी चाचणी होती. टाचणात लिहिलं होतं, 'प्रश्नपत्रिका कपाटात आहेत.' मी कपाट उघडलं. वरच पाकीट होतं. मोजल्या तर एकवीस निघाल्या. आज वर्ग पूर्ण होता. यामिनीसुद्धा आली होती. नाही आलो तर सर पुन्हा सायकल घेऊन येतील, या भीतीनं तिचा ताप उतरला होता. म्हणजे मुलं बेचाळीस आणि प्रश्नपत्रिका एकवीस. काल सकाळचा मी असतो तर झेरॉक्सला तालुक्याला पळालो असतो. पण आता मी शहाणा झालो होतो. मी पट्टी घेतली, प्रत्येक प्रश्नपत्रिकेचे मधोमध दोन भाग केले आणि प्रत्येकाला एकेक अर्धा दिला.

वरच्या अर्ध्यात आकृती होती, प्रश्न नव्हता. खालच्या अर्ध्यात प्रश्न होता, 'वरील आकृतीत कोन अ किती अंशांचा आहे?'

खालचा अर्धा ज्यांना मिळाला त्या सगळ्यांनी वर बघितलं. वर पंखा होता.

भूषणनं हात वर केला. "सर, बाकावर चढू का?"

"कशाला?"

"कोन मोजायचाय."

"चढ," मी म्हणालो. टाचणात चढू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

एकवीस जण कोनमापक घेऊन पाळीपाळीनं बाकावर चढले. पंख्याला तीन पाती, दोन पात्यांमधला कोन एकशेवीस अंश. सगळ्यांचं तेच आलं. फक्त रोहिणीचं एकशेदहा आलं, कारण तिनं मोजलेलं पातं वाकडं होतं. उरलेल्या एकवीस जणांकडे नुसती आकृती होती, त्यांनी ती रंगवली. रंगकाम मला समजतं. मी त्यांना वीसपैकी सतरा-अठरा देऊन टाकले.

संध्याकाळी बाईंना सांगितलं. पलीकडे हर्षदा विचारत होती, "आई, काय झालं? तू भिंतीला का टेकलीस?"

"काही नाही गं," बाई म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "सर, कोन पन्नास अंशांचा होता. आणि दुसरं पाकीट पहिल्या पाकिटाच्या खालीच होतं. उद्या ती चाचणी नीट घ्या पुन्हा. आणि यापुढे काही कमी पडलं तर फाडाफाडी करायची नाही. शेजारी दहावी ब मध्ये जायचं, भामरे सरांकडे मागायचं. ते भले गृहस्थ आहेत, देतील."

'कमी पडलं तर शेजारच्या वर्गात मागायचं.' लिहिलं, रेघ मारली.

बुधवारी चाचणी अगदी नीट झाली. दुसरं पाकीट मिळालं, दोघांत एकेक प्रश्नपत्रिका दिली, कुणी बाकावर चढलं नाही. मला इतकं बरं वाटलं की मधल्या सुट्टीत डबासुद्धा न खाता मी पेपर तपासले. उत्तरं बाईंनी टाचणात देऊन ठेवलेली होती. सगळे पास झाले, एकटी रोहिणी सोडून. तिला वीसपैकी तीन होते. पास व्हायला सात लागतात. चार मार्क कमी पडत होते.

कमी पडल्यावर काय करायचं, हे मला माहीत होतं.

मी दहावी ब मध्ये गेलो. भामरे सर इंग्रजीच्या चाचणीचे मार्क वाचून दाखवत होते.

"सर," मी म्हणालो, "आमच्याकडे चार मार्क कमी पडतायत. तुमच्याकडे असतील तर द्या."

भामरे सर थट्टेखोर माणूस. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना वाटलं, मी विनोद करतोय. मी विनोद करत नाही, मला जमत नाही. ते म्हणाले, "घ्या की! आमच्या ललिताकडे वीसपैकी वीस आहेत. तिच्यातले घ्या. तिला काय कमी आहे?"

पोरं हसली. मी आभार मानले, टेबलावरचा तक्ता ओढला, ललिताच्या नावापुढे वीस होते ते खोडून सोळा केले, आणि वर्गात येऊन रोहिणीचे सात केले.

रोहिणी हुशार नाही, पण प्रामाणिक आहे. ती म्हणाली, "सर, इंग्रजीचे मार्क गणितात चालतात?"

"मार्क ते मार्क," मी म्हणालो. "खाली बस."

ललिताचं शेत शाळेच्या कुंपणाला लागून आहे. चार वाजता तिचे वडील दादाजी आप्पा ट्रॅक्टर चालू ठेवूनच आत आले. अंगानं मोठा माणूस. दारातून आत येताना तिरकं व्हायला लागलं.

"माझ्या पोरीचे चार मार्क कुणी नेले?"

"मी नेले," मी म्हणालो. "गरजूला दिले."

"कुणाला विचारून?"

"भामरे सरांना विचारून. आणि आप्पा, एवढं काय मनाला लावून घेता? सोळा ठेवलेत की तिच्याकडे."

यापुढचं मला तुटक तुटक आठवतं. हेडसर मध्ये पडले, म्हणून मी आज ही हकीगत सांगायला शिल्लक आहे. ललिताचे चार मार्क तिला परत मिळाले. रोहिणी पुन्हा तीनवर आली. ती म्हणाली, "जाऊ द्या सर, मला तीनाची सवय आहे."

संध्याकाळी बाईंचा आवाज फार बारीक येत होता. "सर, मार्क मागून आणायचे नसतात, हे मी टाचणात लिहायला हवं होतं. चूक माझी आहे. पण आप्पांशी वाद कशाला घातलात? कुणी चिडून आलं ना, की आधी बसायला खुर्ची द्यायची. पाणी द्यायचं. आणि म्हणायचं, 'तुमचंच बरोबर आहे.' माणूस लगेच शांत होतो."

मी लिहून घेतलं. 'चिडून आलं तर खुर्ची, पाणी, तुमचंच बरोबर.' या वेळी दोन रेघा मारल्या.

गुरुवारी मी फळ्यावर उदाहरण लिहिलं. क्ष चा वर्ग बरोबर एकोणपन्नास, तर क्ष किती?

भूषण म्हणाला, "सात."

हेमंत म्हणाला, "उणे सात." हेमंतचं डोकं अजून अर्धंच होतं, त्यामुळे तो आधीच चिडलेला होता.

"सात!"

"उणे सात!"

दोघं भांडत भांडत माझ्या टेबलापाशी आले. चिडून आले होते, यात काही शंका नव्हती. मी माझी खुर्ची भूषणला दिली. शेजारच्या वर्गातून एक खुर्ची आणून हेमंतला दिली. दोघांना पाणी दिलं.

"भूषण, तुझंच बरोबर आहे," मी म्हणालो. "हेमंत, तुझंच बरोबर आहे."

दोघं शांत झाले. मी टाचणात बघितलं. उत्तर दिलं होतं, 'सात किंवा उणे सात.' मला भरून आलं. बावीस वर्षांचा अनुभव म्हणजे काय असतो, ते मला त्या क्षणी कळलं.

दुसरं उदाहरण घातलं. एका बागेची लांबी काढायची होती. एकाचं आलं बारा मीटर, एकाचं पंधरा, जुळ्या बहिणींचं मिळून दोनशे. कुणाला काय मिळतं ते पोरांनी बघितलेलं होतं. यामिनी कपाळाला आठ्या घालून पुढे आली. "सर, मी चिडलेय."

"बस. पाणी घे. तुझंच बरोबर आहे."

मग सगळा वर्ग चिडून उठला. एकेक जण मुठी वळून येत होता, पाणी पिऊन खुर्चीत बसत होता. आजूबाजूच्या वर्गांतल्या खुर्च्या संपल्या तेव्हा मी स्टाफरूममधल्या आणल्या. त्या संपल्यावर ऑफिसातल्या. शेवटी एक मोठी, हात टेकायला लाकडी दांडे असलेली खुर्ची राहिली होती, तीही मी रोहिणीसाठी उचलून नेली. रोहिणीचं उत्तर होतं, 'बाग नाहीच.' मी म्हणालो, "तुझंच बरोबर आहे." ती म्हणाली, "खरंच, सर?" आणि तिच्या तोंडावर जे हसू आलं, त्यासाठी पुन्हा चार फेऱ्या मारायला लागल्या असत्या तरी मी मारल्या असत्या.

पंधरा मिनिटांनी हेडसर दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या मागे सगळा स्टाफ उभा होता. उभा असणारच, बसायला काही नव्हतं.

"बिरारी," हेडसर म्हणाले, "माझी खुर्ची."

ते चिडले होते. मला नियम माहीत होता. पण खुर्ची शिल्लक नव्हती आणि माठ रिकामा झाला होता, म्हणून मी नुसतंच म्हणालो, "तुमचंच बरोबर आहे."

त्या संध्याकाळी माझ्या आधी हेडसरांनी बाईंना फोन केला. मी बाहेर उभा राहून ऐकत होतो. "बाई, रजेत त्रास देतोय, माफ करा. पण उद्या एक दिवस येऊन जा. वर्ग हाताबाहेर गेलाय. पोरांना आपलं प्रत्येक उत्तर बरोबर वाटायला लागलंय. बोर्डाला महिना राहिलाय हो."

मला मेल्यासारखं झालं. एकच गोष्ट होऊ द्यायची नव्हती, तीच झाली होती. घरी जाऊन मी जेवलो नाही. बायको म्हणाली, "आता बाईंना फोन करून माफी तरी मागा."

मी फोन केला. बाई रागावल्या नाहीत, त्यानंच जास्त वाईट वाटलं. म्हणाल्या, "डॉक्टरांनी अजून चार दिवस सांगितलेत. मी सकाळी दहाच्या गाडीनं निघते, शनिवारी रात्री नाशिकला परत येते. हर्षदाला समजावलंय. रडली, पण ऐकलं तिनं. तुम्ही फक्त मी येईपर्यंत, दुपारी एकपर्यंत वर्ग सांभाळा. आणि हे बघा सर, आता शेवटचं सांगते. सगळ्यांचं बरोबर नसतं. बरोबर उत्तर एकच धरायचं. ते तुम्हाला माहीत असलं तरी सांगून टाकायचं नाही. कुणी कितीही गयावया करू दे. ज्याचं त्याला शोधू द्यायचं. फारच अडला तर थोडीशी हिंट द्यायची. आणि नुसतं उत्तर घ्यायचं नाही, पायऱ्या मागायच्या. यातच खरं शिक्षण आहे."

मी पानभर लिहून घेतलं. चारी बाजूंनी चौकट केली.

शुक्रवार उजाडला. हेडसर पंचायत समितीत मीटिंगला गेले होते. मी वर्गात गेलो आणि बागेचं उदाहरण पुन्हा घातलं.

भूषण म्हणाला, "सर, उत्तर सांगा ना."

"नाही सांगणार. शोध."

"सर, प्लीज."

"हिंट देतो. बाग आहे."

पोरं खाली मान घालून लागली कामाला. वर्गात खडूचा आणि पेनांचा तेवढा आवाज. पाऊण तासानं भूषणचं बरोबर आलं. मग जुळ्यांचं आलं. शेवटी रोहिणी वही घेऊन आली. अठरा मीटर. बरोबर! पायऱ्या सगळ्या लिहिलेल्या. मी तिच्या वहीवर लाल शाईनं बरोबरची खूण केली. चार दिवस जे केलं ते चुकलं होतं, आज पहिल्यांदा जमलं होतं. मला वाटलं, बाई येतील आणि बघतील. म्हणतील, सर, मी उगाच आले.

पावणेएकला फोन वाजला. बाईंचाच नंबर होता, पण आवाज त्यांच्या जावयाचा होता, प्रमोदरावांचा. मी व्हरांड्यात गेलो.

"बिरारी सर ना? आई गडबडीत फोन चार्जिंगलाच विसरून गेल्यात. त्या निघाल्या आणि इकडे हर्षदाला एकदम त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी घाईनं ऑपरेशन केलं. मुलगी झाली. दोघी छान आहेत."

"अभिनंदन!" मी ओरडलोच.

"हो, पण ऐका. शुद्धीवर आल्यापासून हर्षदा आईच आई करतेय. आई उतरल्या की लगेच त्याच गाडीत परत बसवा. तीच गाडी दीडला नाशिकला परत फिरते. त्यानंतर उद्या सकाळपर्यंत गाडी नाही, मी स्टँडवर विचारलंय. सांगाल ना?"

"काही काळजी करू नका," मी म्हणालो.

एक वाजून दहा मिनिटांनी गाडी आली. शाळेच्या खिडकीतून समोरच स्टँड दिसतो. बाई उतरल्या, ड्रायव्हर-कंडक्टर चहाला गेले. बाई पिशवी सावरत वर्गात आल्या. पोरं उभी राहिली, "नमस्ते बाई!" बाईंनी फळ्याकडे बघितलं, रोहिणीच्या वहीकडे बघितलं आणि त्यांचा थकलेला चेहरा उजळला.

"सर, हे तुम्ही करून घेतलंत?"

"बाई," मी म्हणालो, "प्रमोदरावांचा फोन आला होता."

बाईंच्या हातातली पिशवी खाली पडली. "काय म्हणाले? हर्षदा बरी आहे ना?"

मी तोंड उघडलं होतं. शप्पथ सांगतो, सांगणारच होतो. पण तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोर ती चौकट आली. उत्तर मला माहीत होतं. बाईंना माहीत नव्हतं. आणि त्या गयावया करत होत्या.

"सांगणार नाही, बाई," मी म्हणालो. "तुम्हीच शोधा."

"काय?"

"हिंट देतो. सकाळी एक होती. आता दोन आहेत."

बाई मटकन बाकावर बसल्या. ओठ हलत होते. मग एकदम त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाळंत झाली? इतक्यात? सुखरूप आहे ना? दोघंही?"

"फार प्रश्न एकदम घेऊ नका. एकेक सोडवा."

"सर, अहो, मी आई आहे तिची! काय झालं, मुलगा की मुलगी?"

माझा जीव तुटत होता. पण खरं शिक्षण यातच आहे, हे त्यांनीच सांगितलं होतं. मी घड्याळात बघितलं, एक वीस. "दोनच शक्यता आहेत, बाई. जरा लवकर सोडवा, वेळ थोडा आहे."

"मुलगा?"

"पुन्हा प्रयत्न करा."

रोहिणी पुढे झुकली आणि बाईंच्या कानात म्हणाली, "बाई, मुलगी!"

"कॉपी चालणार नाही," मी म्हणालो. "रोहिणी, मागे बस. बाई, ते उत्तर धरता येणार नाही. तुमचं तुम्ही सांगा."

बाई आता रडत होत्या की हसत होत्या, कळत नव्हतं. "मुलगी! मुलगी झाली हो माझ्या हर्षदाला!"

"अगदी बरोबर!" मी म्हणालो आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी बाईंच्या हातात खडू दिला. "आता पायऱ्या लिहा."

बाईंनी खडू माझ्या अंगावर फेकला. तो लागला नाही. त्यांनी पदरानं डोळे पुसले, श्वास घेतला आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "बिरारी सर. जावई. आणखी. काय. म्हणाले?"

बाहेर स्टँडवर कंडक्टरनं घंटी दिली. गाडीनं धूर सोडला, वळण घेतलं आणि नाशिकच्या रस्त्याला लागली.

"हा जरा अवघड आहे, बाई," मी म्हणालो, "पण तुम्हाला येईल. हिंट देतो. लाल रंगाची आहे, आणि आत्ताच खिडकीसमोरून गेली."